घरचं एगनॉग: पहिल्यांदाच करताना

एगनॉग बिघडतं ते जवळजवळ नेहमी एकाच जागी: गॅसवर, शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. साहित्य साधं आहे, हाताला फार कसब लागत नाही. पण त्या दोन-तीन मिनिटांत पातेल्यावरून लक्ष उडालं, की दुधात शिजलेल्या अंड्याच्या बारीक गुठळ्या तरंगायला लागतात. म्हणून बाकीचं मी भराभर सांगणार आहे आणि आचेपाशी मात्र चांगली रेंगाळणार आहे.

ज्यांनी एगनॉग कधी चाखलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अंड्याचा बलक, साखर आणि दूध मंद आचेवर शिजवायचं, त्यात क्रीम मिसळायचं, गार करायचं आणि वरून ताजं जायफळ किसून प्यायचं. चवीला ते पातळ कस्टर्डच्या जवळचं लागतं. मोठी माणसं त्यात रम, ब्रँडी किंवा बर्बन (मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की) घालतात, पण मद्य नसलं तरी ते अपुरं वाटत नाही.

याचं मूळ मध्ययुगीन इंग्लंडमधल्या ‘पॉसेट’ या पेयात आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. गरम दुधात वाइन किंवा एल (एक प्रकारची बिअर) घालून, मसाले टाकून ते करत. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमध्ये त्याला आजचं रूप आलं. तिथे शेतावरचं दूध आणि अंडी हाताशी होती आणि कॅरिबियन बेटांवरून रम येत होती. नाताळ आणि एगनॉग हे समीकरण तिथे इतकं पक्कं झालं, की १८२६ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दारूबंदी असताना छात्रांनी नाताळच्या एगनॉगसाठी चोरून व्हिस्की आणली आणि त्या रात्री तिथे चक्क दंगल झाली. पुढे अनेक छात्रांवर कोर्ट मार्शल चाललं. अमेरिकेच्या इतिहासात ही घटना ‘एगनॉग दंगल’ म्हणूनच नोंदलेली आहे.

कच्चं की शिजवलेलं?

जुन्या पद्धतीत अंडी कच्चीच घालत. बलक साखरेबरोबर फेटायचा, दूध-क्रीम ओतायचं, पांढरा भाग वेगळा फेसून वरून मिसळायचा, झालं. चव हलकी येते, हे खरं. पण अंड्याचं कवच स्वच्छ आणि अखंड असलं तरी आत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. बाहेरून पाहून ते कळत नाही. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं किंवा आजारपणातून उठलेलं कुणी घरात असेल, तर कच्च्या अंड्याचा विचारच करू नये. सणाच्या दिवशी अशी सगळी माणसं एकाच खोलीत असतात.

मद्य घातलं की जंतू मरतात, असं पुष्कळजण ठामपणे सांगतात. पेल्यात ओतलेल्या दोन चमचे रमने तसं काही होत नाही. या समजाला थोडा आधार कुठे आहे ते मात्र सांगण्यासारखं आहे. भरपूर तीव्र मद्य घालून आठवडेच्या आठवडे फ्रीजमध्ये मुरवलेलं एगनॉग असा एक वेगळा प्रकार आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रेबेका लान्सफील्ड या नामवंत जीवाणूशास्त्रज्ञ बाई दरवर्षी ते करत. नंतर तिथल्याच प्रयोगशाळेत त्यांच्या पद्धतीच्या एगनॉगमध्ये मुद्दाम साल्मोनेला मिसळून पाहिला, तेव्हा तीन आठवड्यांनी जिवंत जंतू सापडले नाहीत. पण तिथे मद्याचं प्रमाण मोठं होतं आणि वेळही भरपूर दिला होता. आपण करणार ते एगनॉग दुसऱ्या दिवशी प्यायचं आहे. त्यामुळे नवख्या माणसाला मी एकच सल्ला देते: शिजवूनच करा. चवीत काही गमवत नाही, उलट घट्टपणा आणि मखमलीपणा शिजवल्यानेच येतो.

साहित्य

सहा पेल्यांसाठी हे प्रमाण घ्या:

अंड्याचे बलक ६
साखर १०० ग्रॅम, म्हणजे साधारण सपाट अर्धा कप
सायीचं, पूर्ण स्निग्धांशाचं दूध ५०० मिली
ताजं क्रीम २५० मिली
मीठ एक चिमूट
जायफळ अर्धा छोटा चमचा, ताजं किसलेलं. शिवाय वरून घालायला थोडं
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
दालचिनीचा बोटभर तुकडा आणि २ लवंगा, हवं असल्यास

दूध बिनसायीचं घेऊ नका. ते पाणचट होतं आणि मग घट्ट करायच्या नादात माणूस आच वाढवतो. क्रीम जितकं स्निग्ध तितकं पेय जिभेवर रेंगाळतं. डब्यावर ३० ते ३५ टक्के फॅट लिहिलेलं मिळालं तर उत्तम, त्याहून कमी असलं तरी अडत नाही. मीठ विसरू नका. चिमूटभर मिठाने दुधाची गोडी उठून येते. ते नसलं की कुठेतरी काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं आणि काय कमी आहे ते सापडत नाही.

जायफळाबद्दल माझा थोडा हट्ट आहे. पूड करून ठेवलेल्या जायफळाचा वास डबी उघडताना येतो तेवढाच, कारण त्यातलं तेल हवेत उडून जातं. अख्खं जायफळ बारीक किसणीवर किसलं, की आतली तपकिरी-पांढरी नक्षी दिसते आणि किंचित तिखटसर, गोड, लाकडासारखा वास दरवळतो. एगनॉगचा वास म्हणून आपण जो ओळखतो तो हाच. मात्र प्रमाण सोडू नका. जायफळ जास्त झालं तर कडवट लागतं, आणि चमचेच्या चमचे पोटात गेलं तर मळमळ, गरगरणं, भ्रम होणं इथपर्यंत त्रास होतो. अर्धा छोटा चमचा सहा जणांना पुरेसा आहे.

भांड्यांची मांडणी आधी

गॅस पेटवण्यापूर्वी ओटा लावून घ्या, कारण नंतर हात मोकळा नसतो. एक जाड बुडाचं पातेलं. एक मोठं भांडं, त्याखाली ओलं फडकं, म्हणजे एका हाताने फेटताना ते सरकत नाही. फेटायला तारेचा व्हिस्क किंवा रवी. एक लाकडी किंवा सिलिकॉनचा सपाट चमचा, पातेल्याचं बूड खरवडता येईल असा. डाव. बारीक जाळीची गाळणी. आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तो. नसेल तरी अडत नाही, खूण पुढे सांगते.

आता एक छोटी युक्ती, जी मला फार उपयोगी पडली आहे. फ्रीजमधलं गार क्रीम दुसऱ्या एका भांड्यात ओता, त्यावर गाळणी ठेवा आणि ते भांडं गॅसच्या अगदी शेजारी असू द्या. शिजलेलं मिश्रण थेट गाळणीतून त्या गार क्रीममध्ये जाणार आहे. गॅस बंद केल्यावरही तापलेल्या पातेल्यात अंडं शिजतच राहतं, ते गार क्रीममुळे जागच्या जागी थांबतं.

बलक आणि साखर

अंडी फ्रीजमधून काढल्या काढल्या गार असतानाच फोडा, बलक आणि पांढरा भाग सहज सुटे होतात. एक-एक अंडं आधी छोट्या वाटीत फोडा, मग मोठ्या भांड्यात. सहावं अंडं खराब निघालं तर आधीचे पाच वाया जात नाहीत. पांढरा भाग शक्य तितका निथळून घ्या. अंडं जास्त तापलं की जो उग्र वास येतो तो मुख्यतः पांढऱ्या भागाचा असतो. बलकाला चिकटलेला पांढरा दोरा राहिला तर राहू द्या, तो गाळणीत अडकेल.

साखर घातली की लगेच फेटायला घ्या. साखर बलकावर नुसती पडून राहिली तर त्यातलं पाणी ओढून घेते आणि बलकाचे कडक कण तयार होतात, ते पुढे कशानेही विरघळत नाहीत. दोन-तीन मिनिटं फेटल्यावर रंग गडद पिवळ्यावरून फिकट लोण्यासारखा होतो. व्हिस्क वर उचलला की धार रिबिनीसारखी पडते आणि क्षणभर वर दिसत राहून मग मिसळते. इथे थांबा.

दूध

पातेल्यात दूध, मीठ, दालचिनी, लवंगा आणि निम्मं जायफळ घाला. मध्यम आचेवर ठेवा. उकळी आणायची नाही. कडेने बारीक बुडबुडे धरले आणि वाफ दिसायला लागली की गॅस बंद. मसाल्यांचा स्वाद जास्त हवा असेल तर झाकण ठेवून दहा मिनिटं तसंच मुरू द्या, मग पुन्हा कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा.

बलकाला उष्णतेची सवय लावणं

वरचं शीर्षक मी मुद्दाम असं लिहिलं आहे, कारण काम नेमकं तेच आहे. गार बलक एकदम कढत दुधात पडला तर आक्रसतो आणि त्याचे दाणे होतात. म्हणून आधी डावभर गरम दूध घ्या आणि बारीक धारेने बलकात सोडा. दुसरा हात फेटत राहिला पाहिजे, थांबता कामा नये. पहिला डाव संपायला अर्धं मिनिट लागलं तरी चालेल. दुसरा डाव थोडा भराभर. तिसऱ्या डावानंतर भांडं बाहेरून कोमट लागतं, मिश्रण पातळ होतं, आणि मग ते सगळं उलट पातेल्यातल्या उरलेल्या दुधात हळूहळू ओता. इथेही ढवळणं चालूच.

आचेपाशी

गॅस पुन्हा लावा, अगदी मंद. आता व्हिस्क बाजूला ठेवून सपाट चमचा घ्या, कारण व्हिस्कने फेस होतो आणि फेसाखाली काय चाललंय ते दिसत नाही. चमचा पातेल्याच्या बुडावरून, कोपऱ्यांतून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत राहा. बुडाशी जो थर जास्त तापतो तो सारखा हलवत ठेवायचा, एवढाच त्यामागचा हेतू.

होतं काय, तर अंड्यातली प्रथिनं उष्णतेने उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळीत दूध धरून ठेवलं जातं. म्हणून मिश्रण घट्ट होतं. नुसता बलक ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आळतो. पण इथे दूध आणि साखर यांनी प्रथिनं एकमेकांपासून लांब ठेवलेली असतात, त्यामुळे त्यांना थोडी जास्त उष्णता सोसते. फार तापलं की मात्र जाळी आवळते, पाणी पिळून बाहेर टाकते आणि गुठळ्या होतात. अन्नसुरक्षेसाठी मिश्रण ७१ अंशांपर्यंत जायलाच हवं. थर्मामीटर फॅरनहाइटचा असेल तर १६०. मी ७६-७७ अंशांवर थांबते. ८० च्या पुढे जाऊ देत नाही. म्हणजे सुरक्षित आणि बिघडलेलं यांच्यामध्ये जेमतेम दहा अंशांची जागा आहे, आणि मंद आचेवर ती जागा पुरते. मोठ्या आचेवर ती अर्ध्या मिनिटात ओलांडली जाते.

थर्मामीटर नसेल तर डोळ्यांनी आणि हाताने बघा. सुरुवातीला पृष्ठभागावर बारीक फेसाचा थर असतो. पाच-सहा मिनिटांनी हा फेस विरायला लागतो, कडेपासून आत. खालचा पृष्ठभाग चकचकीत, गुळगुळीत दिसू लागतो. वाफ वाढते. चमचा आधी पाण्यातून फिरावा तसा फिरत होता, तो आता किंचित जड लागतो, जणू मिश्रणाने त्याला हलकेच धरलंय. हीच ती वेळ. चमचा वर काढा, आडवा धरा आणि त्याच्या पाठीवरून बोटाने एक रेघ ओढा. चमच्यावर पातळ सायीसारखा थर बसला असेल आणि रेघेच्या दोन्ही कडा ओघळून एकमेकींना मिळत नसतील, तर झालं. रेघ लगेच बुजली तर अजून एखादं मिनिट ढवळा आणि पुन्हा बघा. रेघ बघण्यासाठी पातेलं क्षणभर गॅसवरून उचललेलं बरं.

पहिल्यांदा केलं तेव्हा माझं सगळं इथपर्यंत सुरेख जमलं होतं. दाराची बेल वाजली, मी गॅस तसाच ठेवून गेले आणि परत येईपर्यंत एक मिनिटही झालं नसेल. पातेल्यात पिवळसर पाणी आणि त्यात अंड्याचे बारीक तुकडे. फार वाईट वाटलं होतं, पाहुणे दारात आणि सहा बलक गेलेले. तेव्हापासून बेल वाजली, फोन आला, काहीही झालं तरी आधी पातेलं गॅसवरून खाली उतरवते, मग जाते.

खूण पटली की क्षणही न दवडता मिश्रण गाळणीतून गार क्रीमवर ओता. दालचिनी, लवंगा आणि चुकून झालेली एखादी गुठळी गाळणीत राहील. गाळणीतलं चमच्याने दाबून खाली काढू नका. व्हॅनिला आणि उरलेलं जायफळ आता घाला, कारण गरम पातेल्यात त्यांचा वास उडून जातो.

चव बघा. कोमट असताना ते जरा जास्तच गोड लागायला हवं. गार पदार्थात गोडी कमी जाणवते, त्यामुळे आत्ता बेताचं गोड लागलं तर उद्या फिकं लागेल.

गार करणं

एका परातीत किंवा मोठ्या भांड्यात बर्फ आणि पाणी घेऊन त्यात हे भांडं ठेवा आणि अधूनमधून ढवळा. पंधरा-वीस मिनिटांत ते गार होतं. ओट्यावर आपोआप निवायला सोडून देऊ नका. दूध आणि अंडं कोमट राहिलं की जंतूंना आयती संधी मिळते. दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे आणि फ्रीजचं तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी हवं. झाकण लावण्यापूर्वी प्लास्टिकची पातळ फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवली तर वर साय धरत नाही.

कमीत कमी चार तास, जमलं तर रात्रभर ठेवा. हा वेळ वाया जात नाही. गार झाल्यावर ते आणखी दाटतं, आणि वेगवेगळे लागणारे जायफळ, व्हॅनिला, दूध एकमेकांत मिसळून एकच चव होते. नुकतंच केलेलं एगनॉग आणि दुसऱ्या दिवशीचं एगनॉग शेजारी ठेवून प्यायलात तर तुम्ही पुन्हा कधी आदल्या दिवशी करायचं टाळणार नाही.

मद्य घालायचं असेल तर

पूर्ण गार झाल्यावरच घाला, बारीक धारेने, ढवळत. वरच्या प्रमाणाला ९० ते १२० मिली पुरे. गडद रमने गुळमट, काकवीसारखी छटा येते, ब्रँडीने फळांची, बर्बनने व्हॅनिला आणि जळक्या लाकडाची. मला निम्मी रम आणि निम्मी ब्रँडी आवडते, पण यात बरोबर-चूक असं काही नाही. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: मद्य घालण्यापूर्वी मुलांचं आणि न पिणाऱ्यांचं एगनॉग दुसऱ्या रंगाच्या किंवा आकाराच्या जगमध्ये काढून ठेवा. सारखे दिसणारे दोन जग एकाच टेबलावर नकोत. त्याहून चांगलं म्हणजे अख्खं एगनॉग मद्याविना ठेवावं आणि ज्याला हवं त्याच्या पेल्यात वेगळं घालावं.

वरचा फेस

जुन्या पद्धतीचा हलकेपणा हवा असेल तर वाढण्यापूर्वी १०० मिली स्निग्ध, गार क्रीम मऊ शिखरं येईपर्यंत, म्हणजे व्हिस्क उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वळेपर्यंत, फेटा आणि एगनॉगमध्ये हलक्या हाताने, खालून वर असं मिसळा. अंड्याचा पांढराच वापरायचा असेल तर तोही शिजवता येतो. दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि चार चमचे साखर भांड्यात घ्या, ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेत धरा आणि सतत ढवळत ७१ अंशांपर्यंत नेऊन मग फेटा. पण यासाठी थर्मामीटर खरंच लागतो, इथे चमच्याची रेघ कामाची नाही.

काही बिघडलं तर

गुठळ्या नुकत्याच दिसायला लागल्या असतील तर पातेलं लगेच उतरवा, गार क्रीममध्ये गाळा आणि ब्लेंडरमधून अर्धं मिनिट फिरवा, पुष्कळदा सावरतं. गरम मिश्रण ब्लेंडरमध्ये गच्च झाकणाखाली फिरवू नका, वाफेने झाकण उडतं. अंड्याचा उग्र वास यायला लागला असेल तर मात्र ते सोडून द्या, कितीही जायफळ घातलं तरी तो वास झाकत नाही. दुसऱ्या दिवशी फार दाट वाटलं तर थोडं गार दूध घाला. पातळ राहिलं असेल तर बहुतेक वेळा आपण घाबरून लवकर उतरवलेलं असतं. थर्मामीटरने ७१ अंश पाहिले असतील तर त्या खेपेला तसंच प्या, फेटलेलं क्रीम मिसळून. आकडाही नाही आणि रेघही टिकली नव्हती, तर पातेल्यात परत घालून मंद आचेवर खूण पटेपर्यंत शिजवा.

प्रमाण दुप्पट करणार असाल तर पातेलं रुंद घ्या आणि वेळही जास्त धरा. आच दुप्पट करायची नाही.

अंडं न खाणाऱ्यांसाठी दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून, वर दिलेल्या प्रमाणाच्या दुधात शिजवून दाटपणा आणता येतो. हे मिश्रण मात्र उकळायला हवं, नाहीतर पिठूळ लागतं. नारळाचं दूध आवडत असेल तर पोर्तो रिकोचं ‘कोकितो’ याच घराण्यातलं आहे: नारळाचं दूध, आटवलेलं गोड दूध, दालचिनी आणि रम. ते बरेचजण अंड्याशिवायच करतात.

वाढताना

लहान पेले घ्या. हे पेय भरपूर स्निग्ध आहे, १५० मिलीत माणूस तृप्त होतो. पेले आधी फ्रीजमध्ये ठेवले तर छान. बर्फ पेल्यात टाकू नका, पाणचट होतं. त्याऐवजी जगच बर्फाच्या भांड्यात ठेवा. टेबलावर जग दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसाच राहू देऊ नका. फ्रीजमधून थोडं-थोडं काढणं सगळ्यात बरं. जायफळ प्रत्येक पेल्यावर पाहुण्यासमोरच किसा, ओठ पेल्याला लागण्याआधी वास नाकाशी पोचला पाहिजे.

उरलेलं एगनॉग फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, त्याहून जास्त ठेवू नका. तळाशी थोडंच राहिलं असेल तर त्यात पावाचे जाड तुकडे भिजवून तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस परता. आणि सहा अंड्यांचा पांढरा भाग झाकून फ्रीजमध्ये ठेवलाय हे लक्षात असू द्या, तो चार दिवसांच्या आत ऑम्लेटमध्ये किंवा केकमध्ये वापरून टाका.